पर्शियन सम्राटांचे खजिने : आकडे, वजनं आणि दंतकथा

टांकसाळ

हखामनी, म्हणजे सायरस-दरायसच्या घराण्यातल्या पर्शियन सम्राटांच्या खजिन्यावर मराठीत बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक ठिकाणी तीन वेगळ्या लेखकांचे आकडे एकाच वाक्यात कोंबलेले असतात. सूसा, पर्सेपोलिस आणि एक्बताना या तीन जागा, चांदी आणि सोनं हे दोन धातू, शिवाय वजनाचा टॅलंट आणि किमतीचा टॅलंट. हे वेगळं केलं नाही तर हिशेब कधीच जुळत नाही. जुळवून पाहिला तर मात्र चक्क जुळतो, म्हणून हा धागा.

आधी मापं. ग्रीक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो, बाबिलोनी टॅलंट सुमारे ३० किलो. डॅरिक हे सोन्याचं नाणं साधारण ८.३५ ग्रॅमचं, म्हणजे पाऊण तोळ्याला थोडं कमी, आणि सोनं जवळपास शुद्ध. सिग्लोस हे चांदीचं नाणं साडेपाच ग्रॅमच्या आसपास. २० सिग्लोस म्हणजे एक डॅरिक. सोनं-चांदीचा भाव ग्रीक इतिहासकार हिरोडोटस १ ला १३ धरतो.

आता अलेक्झांडरच्या हाती काय लागलं ते. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की सूसात ४०,००० टॅलंटहून जास्त न पाडलेलं सोनं-चांदी होतं आणि शिवाय ९,००० टॅलंटचे डॅरिक. पर्सेपोलिसला १,२०,००० टॅलंट. हाच आकडा रोमन लेखक कर्टियसही देतो, आणि पासारगादेचे ६,००० टॅलंट वेगळे सांगतो. बेरीज १,७५,००० होते. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो म्हणतो की सगळं एक्बतानाला, म्हणजे आजच्या हमदानला, गोळा केलं तेव्हा १,८०,००० टॅलंट भरले. प्राचीन आकड्यांमध्ये इतका मेळ क्वचितच बसतो.

पण डायोडोरस पर्सेपोलिसच्या आकड्याला एक शेपूट जोडतो, आणि ते सगळे गाळतात: सोनं चांदीच्या किमतीत धरून. म्हणजे १,२०,००० टॅलंट ही किंमत आहे. सगळी चांदी असती तर ३,१२० टन झाली असती. सगळं सोनं असतं तर २४० टन. खरं वजन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

सूसाच्या ९,००० टॅलंट डॅरिकांचंही तेच. वजन धरलं तर एका टॅलंटमध्ये ३,००० च्या वर डॅरिक बसतात, म्हणजे दोन कोटी सत्तर लाखांच्या वर नाणी आणि २३० टनांच्या आसपास सोनं. किंमत धरली तर ३०० डॅरिकांना एक टॅलंट चांदी. ग्रीक लेखक झेनोफनकडे याचा थेट पुरावा आहे: धाकट्या सायरसने सिलानस या भविष्यवेत्त्याला १० टॅलंट कबूल केले होते, दिले ३,००० डॅरिक. या हिशेबाने सूसात २७ लाख डॅरिक, साडेबावीस टन सोनं. मला दुसरा आकडाच पटतो. खजिनदार नाण्यांची नोंद किमतीत ठेवणार हे उघड आहे.

आणखी एक ताळा. हिरोडोटसने पहिल्या दरायसच्या २० प्रांतांची खंडणी दिली आहे, वर्षाला १४,५६० युबोइयन (ग्रीक मापाचे) टॅलंट. त्यात हिंदू, म्हणजे सिंधूकाठच्या, प्रांताची ३६० टॅलंट सोन्याची भुकटी, १३ ने गुणून ४,६८० टॅलंट. जवळजवळ एक तृतीयांश. १,८०,००० भागिले १४,५६० म्हणजे साडेबारा वर्षांपेक्षाही कमी काळाची खंडणी. दरायसपासून अलेक्झांडरपर्यंत १९० वर्षं गेली. खंडणी तीच राहिली असं धरलं तर साठलेला भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. बाकी सगळं खर्च झालं. "आशियाचं सगळं सोनं कोंडून ठेवलेले राजे" ही प्रतिमा या एका भागाकाराने ढासळते.

चंद्रमौळी

उत्तम धागा. एक शंका. १,२०,००० टॅलंट वाहून न्यायला १०,००० खेचरांच्या जोड्या आणि ५,००० उंट लागले असं सगळीकडे दिलेलं असतं. एवढ्या जनावरांवर तेवढं वजन बसतं का?

टांकसाळ

@चंद्रमौळी, हीच ती सरमिसळ. खेचरांच्या १०,००० जोड्या आणि ५,००० उंट ग्रीक चरित्रकार प्लुटार्कचे. पण त्याच प्लुटार्कच्या मते पर्सेपोलिसची नाणी सूसाइतकीच होती, म्हणजे ४०,००० टॅलंट, आणि जनावरं लागली ती बाकीच्या सामानसुमानाला. १,२०,००० चा आकडा डायोडोरसचा. त्याच्याकडे ३,००० उंट आहेत, आणि बाबिलोन, मेसोपोटेमिया व सूसाहून मागवलेली खेचरं आहेत, काही पाठीवर ओझं घेणारी, काही गाडी ओढणारी. खेचरांचा आकडा तो देतच नाही.

बसतं का, तर बसतं. लांबच्या पल्ल्याला उंटावर १८० किलो आणि खेचरावर ९० किलो धरा. २०,००० खेचरं १,८०० टन नेतात, ५,००० उंट ९०० टन. एकूण २,७०० टन. किंमत सोनं आणि चांदीत निम्मी-निम्मी धरली तर १,२०,००० टॅलंटचं प्रत्यक्ष वजन १,५६० टन चांदी अधिक १२० टन सोनं, म्हणजे १,६८० टन. गालिचे, भांडी, कापड यांना जागा उरते. अडचण वजनाची नव्हतीच. एवढ्या जनावरांच्या दाण्या-वैरणीची आणि पाण्याची होती, म्हणून तांडे टप्प्याटप्प्याने निघाले असणार हे उघड आहे.

सोनकस

हिरोडोटसने धातू साठवायची जी रीत दिली आहे ती कारागिराच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. राजा आलेला धातू वितळवून मातीच्या रांजणांत ओततो, रांजण भरला की वरची माती फोडून काढतो आणि पैसा लागेल तेव्हा लागेल तेवढा तुकडा तोडतो. ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात यात दोन-तीन जागी हात भाजतात.

चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला. थंड किंवा दमट रांजणात हा रस ओतला तर मातीतल्या पाण्याची वाफ होऊन रांजण तडकतो आणि रस उसळून बाहेर येतो. म्हणून रांजण आधी तापवून लालसर करावा लागतो आणि वाळूत अर्धा पुरून ठेवावा लागतो, म्हणजे रसाच्या वजनाने फुटत नाही. वजन किती, तर ५ लिटरच्या छोट्या रांजणात ५२ किलो चांदी मावते. एक टॅलंट चांदीला जेमतेम अडीच लिटर जागा पुरते. एक टॅलंट सोनं १.३५ लिटरमध्ये बसतं, पाणी प्यायच्या तांब्याएवढं.

चांदीची दुसरी खोड अशी की वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू स्वतःच्या आकारमानाच्या वीसपट शोषते आणि गोठताना तो एकदम सोडते. वरचा थर आधी घट्ट झाला असेल तर आतला वायू तो फोडून थेंब उडवतो, आणि लगडीवर फोड येऊन पोकळ्या राहतात. उपाय जुनाच आहे, मुशीतल्या रसावर कोळशाचा चुरा पसरून ठेवायचा. पोकळ लगडीचा फटका वजनात बसत नाही, कारण वजन वजनच असतं. पण आत हिणकस काही दडवलं असेल तर पोकळीमुळे कळत नाही. म्हणून पश्चिम आशियात सापडलेल्या चांदीच्या साठ्यांत लगडी आणि नाणी छिन्नीने अर्धवट चिरलेली दिसतात. आतला धातू बाहेरच्यासारखाच आहे ना, एवढंच पाहायचं असे.

सोनं शुद्ध करायचं तंत्र पर्शियनांनी लिडियाकडून, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या राज्याकडून, घेतलं. त्याची राजधानी सार्डिसला इ.स.पू. सहाव्या शतकातली शुद्धीकरणाची भट्टी उत्खननात सापडली आहे. नदीतल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते. ते ठोकून पातळ पत्रे करायचे, मातीच्या भांड्यात पत्रा, मीठ आणि विटेची भुकटी असे थर लावायचे, झाकण लिंपायचं आणि सोन्याच्या वितळणबिंदूच्या बरंच खाली, ८०० अंशांच्या आसपास, दीर्घकाळ धग द्यायची. चांदीचं क्लोराइड होऊन ते विटेच्या भुकटीत शोषलं जातं, पत्रा सोन्याचा उरतो. धग जास्त झाली तर पत्रे वितळून गोळा होतात आणि मीठ आतपर्यंत पोचत नाही, कमी पडली तर चांदी सुटत नाही. नंतर विटेची भुकटी शिशाबरोबर वितळवून चांदीही परत मिळवत. त्या काळी ९८ टक्के शुद्ध डॅरिक पाडणं शक्य झालं ते या भट्टीमुळे.

गाळ_आणि_वाळू

आता जमिनीतून खरोखर काय निघालं ते.

पर्सेपोलिसचं उत्खनन शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने केलं, १९३१ ते ३४ अर्न्स्ट हर्झफेल्डच्या आणि पुढे १९३९ पर्यंत एरिक श्मिटच्या देखरेखीखाली. खजिन्याची इमारत श्मिटने उघडली. इ.स.पू. ३३० च्या आगीची राख, जळक्या तुळयांचा कोळसा, आणि सोनं-चांदी जवळपास नाही. सैन्याने नेण्याजोगं सगळं नेलं होतं. उरलं ते नेण्याची किंमत नसलेलं किंवा मोडलेलं: दगडी ताटं-वाडग्यांचे शेकडो तुकडे, हिरव्या दगडाचे खल-बत्ते आणि त्यांवर शाईने लिहिलेला आरामी मजकूर, हजारो बाणांची टोकं, एक शिरविहीन ग्रीक संगमरवरी स्त्रीमूर्ती, इजिप्तच्या आणि असिरियाच्या राजांची नावं कोरलेली जुनी दगडी भांडी. म्हणजे हा खजिना नाण्यांची तिजोरी असण्याबरोबरच शस्त्रागार, कोठार आणि जिंकलेल्या राज्यांच्या वस्तूंचं संग्रहालयही होता.

आणि तिथे मातीच्या पाट्या सापडल्या. माझ्या मते पर्शियाचा सर्वात मोलाचा खजिना हाच. खजिन्याच्या इमारतीतल्या पाट्या इ.स.पू. ४९२ ते ४५८ च्या, एलामी भाषेत. जॉर्ज कॅमेरॉनने १९४८ मध्ये त्या छापल्या. त्यांत मजुरांना धान्य-मेंढ्यांच्या जागी दिलेल्या चांदीचा हिशेब आहे. एक मेंढी म्हणजे ३ शेकेल आणि एक रांजण मद्य म्हणजे १ शेकेल असा दर लावून रक्कम काढली आहे. कुणाची किती माणसं, कुठल्या कामावर, कुठल्या महिन्याचं, कुणाच्या हुकमाने, सगळं आहे. ईशान्य तटबंदीत १९३३ मध्ये सापडलेल्या पाट्या वेगळ्या. त्या इ.स.पू. ५०९ ते ४९३ च्या, संख्येने हजारो, आणि त्यांत चांदी नाही, धान्य, मद्य, पीठ, जनावरं आहेत. रिचर्ड हॅलॉकने १९६९ मध्ये त्यांतल्या २,०८७ प्रसिद्ध केल्या. दोन्ही संच एकच समजण्याची चूक फार होते.

तटबंदीच्या पाट्या अभ्यासासाठी शिकागोला गेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात अडकल्या. १९९७ च्या जेरुसलेम बॉम्बस्फोटातल्या जखमींना इराणविरुद्ध नुकसानभरपाईचा निवाडा मिळाला होता, त्याच्या वसुलीसाठी या पाट्या जप्त कराव्यात अशी मागणी होती. २१ फेब्रुवारी २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती फेटाळली. २०१९ मध्ये १,७८३ पाट्या तेहरानला परत गेल्या. मेंढ्या-मद्याच्या पावत्यांवर एवढी लढाई झाली, कारण त्यांची किंमत आता सोन्यात मोजता येत नाही.

सोनं सापडलं ते राजाने मुद्दाम पुरलेलं. १९३३ मध्ये फ्रीड्रिख क्रेफ्टरला अपादाना सभागृहाच्या कोपऱ्यांखाली दोन दगडी पेट्या मिळाल्या. प्रत्येकीत ३३ सेंटिमीटर चौरस एक सोन्याचा आणि एक चांदीचा पत्रा, त्यावर जुनी पर्शियन, एलामी आणि बाबिलोनी या तीन भाषांत दरायसचा लेख: सोग्दियापलीकडच्या शकांपासून कुशपर्यंत आणि हिंदूपासून सार्डिसपर्यंत माझं राज्य. पेट्यांखाली नाणी होती. लिडियाचा राजा क्रीसस याच्या धर्तीची सोन्याची आणि ग्रीक नगरांची चांदीची. डॅरिक एकही नाही. म्हणजे पाया घातला तेव्हा डॅरिक अजून चालू झाले नव्हते असा बहुतेक नाणेतज्ज्ञांचा निष्कर्ष आहे.

@टांकसाळ, तुमच्या मापांना एक जोड. खजिन्यातच दरायसच्या नावाचं १२० कर्शांचं गुळगुळीत दगडी वजन मिळालं, ९.९५ किलोचं. म्हणजे एक कर्शा ८३ ग्रॅम, त्याचे १० शेकेल. अडीच हजार वर्षांपूर्वीचं प्रमाणित माप हातात आहे म्हणून हे सगळे हिशेब करता येतात.

मोडी_वाचक

सूसाच्या राजवाड्याचा पायाभरणीचा लेखही इथे यायला हवा. दरायस त्यात माल कुठून आला ते सांगतो: सोनं सार्डिस आणि बॅक्ट्रियातून, चांदी आणि अबनूस इजिप्तमधून, राजवर्त आणि कार्नेलियन सोग्दियातून, पिरोजा ख्वारज्ममधून, हस्तिदंत कुश, हिंदू आणि अराकोशियातून, शिसवी लाकूड गांधार आणि कर्मानियातून. सोनार मीड आणि इजिप्शियन. खजिना कसा जमत होता याचं याहून थेट निवेदन दुसरं नाही.

शिवाय आपल्याकडचा एक धागा. १९३३ मध्ये काबूलजवळ चमन-ए-हुजुरीला जो साठा मिळाला त्यात ग्रीक नाणी, पर्शियन सिग्लोस आणि वाकवलेल्या चांदीच्या पट्ट्या एकत्र होत्या. या पट्टीचं वजन ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन सिग्लोस. भारतीय उपखंडातली सुरुवातीची चांदीची नाणी पर्शियन मापाला धरून होती, ते या साठ्यात दिसतं.

शिकस्ता

हखामनींचा हिशेब जुळतो, पण लोकांच्या मनात "पर्शियन राजाचा खजिना" म्हटलं की येतो तो दुसरा खुसरो परवेझ, हजार वर्षांनंतरचा सासानी राजा. इराणी परंपरेत हखामनींची नावंच जवळजवळ पुसली गेली होती. पर्सेपोलिसला लोक तख्त-ए-जमशीद म्हणू लागले ते त्यामुळेच.

फिर्दौसीच्या शाहनाम्यात खुसरोच्या खजिन्यांची नावं येतात: गंज-ए-अरूस, गंज-ए-बादआवर्द, दीबा-ए-खुसरवी, गंज-ए-अफ्रासियाब, गंज-ए-सोख्ता, गंज-ए-खज्रा, शादआवर्द. बादआवर्द म्हणजे वाऱ्याने आणलेला. त्याची कथा अशी की पर्शियन सैन्याने अलेक्झांड्रियाला वेढा घातला, रोमी लोकांनी संपत्ती जहाजांवर चढवून पळवायचा बेत केला, आणि वाऱ्याने जहाजं उलट पर्शियनांकडेच आणून सोडली. अलेक्झांड्रिया पर्शियनांनी ६१९ च्या सुमारास खरोखर जिंकलं, त्यामुळे या कथेला बुड आहे. बाकीच्या नावांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहायला हवं. बादआवर्द, सोख्ता आणि गंज-ए-गाव ही नावं खुसरोच्या दरबारातला गायक बारबद याच्या तीस लहनांतही आहेत. म्हणजे ही चालींची नावं होती. ती खजिन्यांवरून चालींना मिळाली की उलट, हे आज सांगता येत नाही, पण या सात नावांवर सात तळघरं शोधत बसणं व्यर्थ आहे.

गंज-ए-गावची कथा तर बहराम गूर या आधीच्या सासानी राजाची आहे. त्याला जमशीदाने पुरलेला बैलांच्या सुवर्णमूर्तींचा साठा सापडतो आणि तो ते सगळं दान करून टाकतो. जमशीद पौराणिक राजा. सगळं पाहता येणारा जो प्याला त्याच्या नावाने प्रसिद्ध झाला, तो शाहनाम्यात कैखुसरोच्या हाती आहे.

खरा आकडा हवा असेल तर अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी याच्याकडे आहे. खुसरोच्या राज्याच्या अठराव्या वर्षी, म्हणजे ६०७-०८ च्या सुमारास, वसूल ४२ कोटी मिस्काल चांदी, म्हणजे ६० कोटी दिरहम. मिस्काल सव्वाचार ग्रॅमचा धरला तर सुमारे १,७८५ टन. @टांकसाळ यांच्या पर्सेपोलिसच्या मधल्या अंदाजाइतकं वजन एका वर्षात.

आणि ६२८ मध्ये रोमी सम्राट हेराक्लियसने खुसरोचा दस्तगिर्दचा महाल लुटला तेव्हा काय सापडलं याची यादी बायझंटाइन इतिहासकार थिओफेनिसने दिली आहे: रोमी सैन्याचे पूर्वी गमावलेले ३०० ध्वज, अगरू, रेशीम, मिरी, साखर, आलं, गालिचे, चांदी. नेता येणार नाही ते त्याने जाळलं. मिरी आणि आलं राजाच्या खजिन्यात का, असा प्रश्न पडणाऱ्यांनी तेव्हाचे भाव आणि समुद्रमार्ग आठवावेत. हा माल बहुतांश आपल्याच किनाऱ्यावरून जात होता.

चंद्रमौळी

@शिकस्ता, आणि तो बहार-ए-खुसरो गालिचा? तोही दंतकथाच का?

शिकस्ता

नाही, तो खरा होता. तपशील फुगला असेल एवढंच. ६३७ मध्ये साद इब्न अबी वक्कासच्या अरब फौजेने सासानी राजधानी तेसिफोन घेतलं तेव्हा तो हाती लागला. तबरी म्हणतो ६० हात लांब, ६० हात रुंद, एक जरीब जागा व्यापणारा. हिवाळ्यात फुलं नसताना मद्यपानाच्या बैठकीसाठी पसरत. सोन्याची जमीन, रत्नांचे पाट, सोन्याच्या देठांवर रेशमी पानं. मदिनेला पाठवल्यावर खलिफा उमरने त्याचे तुकडे करून वाटले. अलीच्या वाट्याचा तुकडा २०,००० दिरहमांना गेला, आणि तोही सर्वांत उत्तम तुकडा नव्हता.

मोजमापात गोची आहे. हात म्हणजे निदान ४६ सेंटिमीटर धरला तरी बाजू साडेसत्तावीस मीटर होते. तेसिफोनच्या ताक-ए-किस्राची कमान रुंदीला सुमारे २५-२६ मीटर आहे. म्हणजे हा चौरस त्या दालनात सपाट पसरूच शकत नाही. एकतर तो दुसऱ्या दालनात किंवा उघड्यावर अंथरत, किंवा "एक जरीब" हे शेतजमिनीचं माप ढोबळ म्हणून वापरलं गेलं आणि पुढच्या लेखकाने त्याचं ६० गुणिले ६० केलं. जरीब म्हणजेच ३,६०० चौरस हात. मला दुसरं कारण जास्त पटतं.

गाळ_आणि_वाळू

दुसरं कारण मलाही पटतं. पण दुसऱ्या दालनाची शक्यता सोडू नका. ती कमान म्हणजे पुढून पूर्ण उघडं दालन, आणि गालिचा हिवाळ्यात वापरायचा होता. बंद दालन हवंच. महालाचे बाकी भाग पडले आहेत, त्यामुळे कमानीच्या मापावर सगळा निवाडा देऊ नये. गालिच्याचं वजनही पाहा. साधा लोकरी गालिचा चौरस मीटरला ४ किलो धरला तर साडेसातशे चौरस मीटरला ३ टन, जर आणि रत्नं वेगळी. एकसंध विणण्यापेक्षा पट्टे विणून जोडलेला असणं कारागिरीच्या दृष्टीने जास्त शक्य आहे, आणि मग त्याचे तुकडे करणंही सोपं.

सोनकस

ऑक्सस खजिन्याचा विषय निघायलाच हवा, कारण हखामनी सोनकामाचा आज डोळ्यांनी पाहता येणारा सर्वांत मोठा संच तोच. १८७६ ते १८८० च्या दरम्यान आमू दर्याच्या काठी सापडला, व्यापाऱ्यांनी विकत घेतला, १८८० मध्ये काबूलच्या वाटेवर त्यांना लुटारूंनी धरलं आणि कॅप्टन बर्टन याने माल सोडवला. पुढे तो रावळपिंडीच्या बाजारात गेला. अलेक्झांडर कनिंगहॅम आणि फ्रँक्स यांच्या हातून १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये. सुमारे १८० वस्तू उरल्या आहेत.

त्यातला चार घोड्यांचा रथ जवळून पाहावा. जेमतेम १९ सेंटिमीटर लांब. आत दोन माणसं, त्यांतला एक सारथी. रथाच्या पुढच्या फळीवर बेस या इजिप्शियन देवाचा चेहरा. गरुडसिंहाच्या तोंडांची कडी आहेत, त्यांच्या पंखांवर आणि अंगावर रिकाम्या कोंदणांच्या रांगा दिसतात. तिथे रंगीत खडे होते, ते पडून गेले. आजचं साधं सोनेरी रूप मूळचं नाही. कारागिराच्या मनात लाल-निळ्या रंगांनी भरलेलं कडं होतं.

रावळपिंडीतल्या सोनारांनी तेव्हाच नकला करून विकल्या, आणि पर्शियन सोन्याच्या नावावर नकलांचा धंदा आजही जोरात आहे. ओळखायच्या काही खुणा सांगतो. तार पाहा. जुनी तार पातळ पट्टी पिळून आणि घोळून केलेली असते, भिंगाखाली तिच्यावर मळसूत्रासारखी तिरकी शिवण दिसते. पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढलेल्या तारेवर लांबीला समांतर सरळ ओरखडे असतात. डाख पाहा. डाखात कॅडमियम निघालं तर वस्तू अलीकडची किंवा अलीकडे दुरुस्त केलेली. नदीच्या सोन्यात ऑस्मियम-इरिडियमचे पांढुरके कडक कण अडकलेले असतात. ते दिसले तर चांगलं लक्षण, पण नसले म्हणून खोटं ठरत नाही. चांदी जुनी असेल तर कणांच्या सीमांवर आतपर्यंत गंजलेली आणि ठिसूळ असते. वरून काळी आणि आत ताजी लवचीक चांदी असेल तर सावध.

डॅरिक घेणाऱ्यांसाठी: वजन ८.३ ते ८.४ ग्रॅम हवं, मागच्या बाजूला लांबट खोल ठसा हवा, पुढे गुडघ्यावर किंवा धावत असलेला धनुर्धारी राजा. कडेला साच्याची सांधरेघ असेल तर ते ओतलेलं आहे, ठोकलेलं नाही. सोडून द्या.

गाळ_आणि_वाळू

यात एक भर. बाजारातून आलेल्या सोन्या-चांदीच्या वाडग्यांवर राजाचं नाव कोरलेलं असतं. राजनाव असलं की किंमत दहापट, म्हणून नकलाकार नाव हमखास घालतो. कीलाक्षरांतली व्याकरणाची चूक आणि छापील ग्रंथातून उतरवलेलं वाक्य या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. लोरेस्तानमधल्या कल्माकरे गुहेतला चांदीचा साठा १९८९ च्या सुमारास सापडला, उत्खनन व्हायच्या आतच लुटला गेला, आणि तेव्हापासून "कल्माकरेचं" म्हणून असंख्य वस्तू फिरतात. तुलनेला नीट नोंद झालेली वस्तू हवी. त्यासाठी पासारगादेचा संच घ्यावा, डेव्हिड स्ट्रोनाखच्या १९६१-६३ च्या उत्खननात एका रांजणात मिळालेला. कडी, कर्णभूषणं, चमचे, मणी मिळून हजारावर नग, आणि प्रत्येकाची जागा ठाऊक आहे.

कोलूर

तेहरानच्या मध्यवर्ती बँकेतल्या राजरत्नांना "प्राचीन पर्शियन खजिना" म्हणतात, ते दुरुस्त करायला हवं. तो साठा सफवी, नादिरशहा आणि काजार काळातला, आणि त्यातला मोठा भाग १७३९ च्या दिल्लीच्या लुटीतला. दर्या-ए-नूर हा १८२ कॅरटच्या आसपासचा गुलाबी हिरा गोवळकोंड्याच्या खाणींतला, म्हणजे दख्खनचाच. १९६० च्या दशकात कॅनडाच्या तज्ज्ञांनी साठा तपासला तेव्हा फ्रेंच व्यापारी तव्हर्नियेने गोवळकोंड्यात १६४२ मध्ये पाहिलेल्या मोठ्या सपाट हिऱ्याचा हा तुकडा आहे असं मत त्यांनी दिलं. खुसरो किंवा दरायस यांच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मोडी_वाचक

@टांकसाळ, दोन गोष्टी राहिल्या. सोन्याचा द्राक्षवेल आणि सोन्याचा चिनार. आणि मुख्य म्हणजे १,८०,००० टॅलंट गेले कुठे? "अजून कुठेतरी पुरलेले आहेत" असं वाचून कंटाळा आला.

टांकसाळ

वेल आणि चिनार लिडियाच्या पिथियसने दरायसला दिले असं हिरोडोटस सांगतो. त्याच पिथियसकडे २,००० टॅलंट चांदी आणि ३९,९३,००० डॅरिक होते म्हणे, आणि झर्क्सिसने ७,००० घालून चाळीस लाख पुरे केले. ३०० ने भागा, १३,३१० टॅलंट येतात. एका माणसाकडे साम्राज्याची जवळपास वर्षाची खंडणी. मला हा आकडा कथेतला वाटतो. चिनाराबद्दल आर्केडियाच्या अँटायोकसने पर्शियन दरबारातून परतल्यावर सांगितलेलं झेनोफनने टिपलं आहे: त्या प्रसिद्ध सोन्याच्या झाडाची सावली एका नाकतोड्यालाही पुरणार नाही. वेल मात्र होता. अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनसने इ.स.पू. ३१६ मध्ये सूसाचा किल्ला घेतला तेव्हा तो सापडला. वेल आणि इतर कलावस्तू मिळून १५,००० टॅलंट, आणि इतरत्र मिळालेलं धरून त्याच्या हाती २५,००० लागले.

आता गेले कुठे. ओपिसला इ.स.पू. ३२४ मध्ये घरी पाठवलेल्या १०,००० जुन्या सैनिकांना पगाराशिवाय प्रत्येकी एक टॅलंट, म्हणजे १०,००० टॅलंट. सूसाला सैनिकांची कर्जं फेडली, एरियनच्या मते २०,००० टॅलंट, प्लुटार्कच्या मते ९,८७०. हार्पलस हा खजिनदार ५,००० घेऊन अथेन्सला पळाला. पळत्या तिसऱ्या दरायसबरोबरचे आठ हजार टॅलंट, स्ट्रेबोच्या मते, त्याला मारणाऱ्यांनी वाटून घेतले. बाकी फौजेचे पगार, नौदल, नगरं, देणग्या. जस्टिन म्हणतो अलेक्झांडर वारला तेव्हा ५०,००० उरले होते.

पगार द्यायचे तर नाणं पाडावं लागतं. एका टॅलंटमधून १७.२ ग्रॅमची १,५०० चौद्राम नाणी निघतात. मॅसिडोनियापासून बाबिलोनपर्यंतच्या टांकसाळींतून अलेक्झांडरच्या नावाची नाणी निघत राहिली, त्याच्या मृत्यूनंतरही. आज कुठल्याही मोठ्या संग्रहालयात ती दिसतात, त्यांतल्या पुष्कळशांची चांदी हीच.

आणि शेवटचा खरवडलेला भाग ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवला आहे. एक्बतानाच्या राजवाड्यात देवदार आणि सुरूच्या तुळयांवर सोन्या-चांदीचे पत्रे होते आणि छपराची कौलंसुद्धा चांदीची. अलेक्झांडरच्या स्वारीत बरंच सोललं गेलं, मग अँटिगोनस आणि सेल्यूकसच्या काळात. इ.स.पू. २०९ मध्ये सेल्यूकसच्या घराण्यातला राजा तिसरा अँटायोकस तिथे पोचला तेव्हा आयनी देवीच्या देवळात खांबांवरचं सोनं, थोड्या सोन्याच्या विटा, पुष्कळ चांदीच्या विटा आणि रचून ठेवलेली चांदीची कौलं उरली होती. ती वितळवून त्याने स्वतःच्या चेहऱ्याची नाणी पाडली, जवळजवळ ४,००० टॅलंटची.